एकांडीची कड

उत्रेश्वरच्या सानिकाचं लग्न बेलखोऱ्यात लागलं ते साल दोन हजार सत्तेचाळीस. त्या लग्नाचा एकही फोटो नाही. मांडव होता, सनई होती, पंगती उठत होत्या, पण आलेल्या पाहुण्यांपैकी एकाच्याही खिशात फोन नव्हता. सगळे फोन सटवाईच्या खिंडीत पत्र्याच्या मोठ्या पेटीत बंद होते आणि पेटीशेजारी नवरीचे आजोबा, श्रीपती जायभाये, फेटा बांधून बसले होते. अक्षता पडायची वेळ झाली तरी ते खाली आले नाहीत. मंगलाष्टकं वाऱ्यावर ऐकू आली तेव्हा खिंडीतूनच त्यांनी मूठभर तांदूळ खोऱ्याच्या दिशेनं उधळले.

नवरदेवाचे मामा पुण्याचे. त्यांनी फोन दिला, पण मनगट मागं घेतलं.

"बाबा, हे नुसतं घड्याळ आहे."

"बोलतंय का कुणाशी?"

"बोलतं, म्हणजे थोडं..."

"मग काढा. मुकं घड्याळ चालंल." श्रीपतींनी हात पुढं केला आणि पितळेचा बिल्ला मामांच्या तळहातावर ठेवला. "जाताना बिल्ला द्या, घड्याळ न्या. देवळात चपला काढता का न्हाई? तसंच."

बालाघाटच्या डोंगरात, पाटोद्याच्या पुढं, चारी बाजूंनी टेकड्या असलेलं हे खोरं एखाद्या परातीसारखं आहे. त्या परातीत वीस वर्षांपूर्वी मोठमोठ्या थाळ्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ही दुर्बीण उजेड बघत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते. त्या इतक्या मंद असतात की खोऱ्यातल्या एका फोनचा आवाज त्यांच्यापुढं भोंग्यासारखा वाटतो. म्हणून गावानं एकमतानं फोन सोडले. घरोघर तारेचे जुने टेलिफोन आले. श्रीपतींनी दुर्बिणीला पहिलं शेत दिलं होतं, तेव्हा खिंडीतली राखणही आपसूक त्यांच्याकडं आली. एकदा एक मोठे अधिकारी बिल्ला घ्यायला तयार होईनात. श्रीपती त्यांच्या गाडीपुढं आडवे बसले, ते साहेब उतरून चालत गेले तेव्हाच उठले.

लग्नाच्या संध्याकाळी पाहुण्यांचे फोन परत देता देता श्रीपती पेटीवरच कलंडले. त्यांना संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाचे ठोके मधूनच बेताल होत होते. डॉक्टरांनी छातीत, गळ्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ठोका बिघडला की ते आतूनच विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणायचं. आणि दर घटकेला उशाजवळच्या एका डबीशी बोलायचं. डबी टेलिफोनच्या तारेला जोडलेली, ती दवाखान्याला कळवायची की म्हातारा ठीक आहे.

दवाखान्यात असताना श्रीपतींनी जेवण सोडलं. "खिंडीच्या पलीकडं मला झोप लागत न्हाई," एवढंच ते म्हणत. त्यांचा मुलगा उत्रेश्वर तिथंच शहरात राहायचा. तो म्हणाला, माझ्याकडं ठेवतो. श्रीपतींनी तोंड भिंतीकडं केलं. शेवटी त्यांची मुलगी शिवकन्या त्यांना बेलखोऱ्यात घेऊन आली.

शिवकन्या त्याच दुर्बिणीवर काम करायची. गावातल्या शाळेतून शिकत शिकत पुढं गेलेली, खगोलशास्त्रात नाव कमावलेली, पन्नाशीला टेकलेली बाई. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर बापलेक दोघंच त्या घरात राहत होते.

तिचं काम काय ते श्रीपतींना तिनं एकदा गोफणीवरून समजावलं होतं. त्यांच्या तरुणपणी ते ज्वारीच्या माचावर उभे राहून पाखरं हाकत. गोफण त्यांच्या हाताला अजून ठाऊक होती.

"आप्पा, दगड जितक्या जोरात फिरवाल तितकी दोरी ताणते ना?"

"व्हय. कच्ची आसंल तर तुटून जाती."

"दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा भोवरा. त्याच्या कडेला हायड्रोजन वायू फिरतो. तो इतक्या जोरात फिरतो की आतल्या ताऱ्यांच्या ओढीची दोरी कधीच तुटायला पाहिजे होती. पण वायू सुटत नाही."

"मग दोरी जाड आसंल."

"तोच वाद आहे. बहुतेक लोक म्हणतात, तिथं न दिसणारं काळं द्रव्य आहे, त्याची ओढ जास्तीची मिळते. आम्ही थोडे लोक म्हणतो, द्रव्य बिव्य काही नाही, ओढीचा नियमच वेगळा आहे. ओढ फार क्षीण झाली की ती आपल्या पुस्तकातल्या हिशेबानं कमी होत नाही, जरा चिवट राहते."

आता या दुसऱ्या विचारात एक विचित्र गोष्ट होती आणि सगळी परीक्षा तिच्यावरच होती. नियम तसा असेल तर लांबच्या शेजाऱ्यांची ओढसुद्धा दीर्घिकेच्या आतल्या फिरण्यात ढवळाढवळ करते. शेजारपाजार दाट असेल तर कडेचा वायू मंदावतो. शेजारी कुणीच नसेल तर कड जशीच्या तशी धावत राहते. काळ्या द्रव्याच्या विचारात लांबच्या शेजाऱ्यांना असा काही हात घालता येत नाही. तिथं कड एकटीचीही हळूहळू मंदावते आणि गर्दीतलीचीही. म्हणजे एक अगदी एकटी दीर्घिका शोधायची आणि तिच्या शेवटच्या कडेचा वेग मोजायचा. धावत असेल तर नवा नियम खरा. मंदावली असेल तर नवा नियम गेला.

अशी दीर्घिका सापडली होती. गरुड तारकासमूहाच्या पलीकडं आकाशात एक मोठी पोकळी आहे, तिच्यात लांब लांबपर्यंत काही नाही. तिथं एक लहानशी दीर्घिका एकटीच फिरते. शिवकन्या तिला एकांडी म्हणायची.

"म्हंजी लांबचा माणूस आतवर ओढतो का न्हाई, हे बघायचंय तुला," श्रीपती म्हणाले.

"तसंच समजा."

"त्याला येवढ्या थाळ्या कशाला मांडल्या? मला इचारायचं. तुझी आय जाऊन इतकी वर्षं झाली."

शिवकन्या हसली. "आप्पा, ते मोजून दाखवावं लागतं."

"मोज बाई. मोजायलाच शिकवलंय तुला."

वीस वर्षं ती या नियमाच्या मागं होती. सभांमध्ये तिच्याबरोबरचे लोक तिला बघून आपसात हसत. पण हसण्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला धास्ती होती ती वेळेची. एक फेब्रुवारीपासून आकाशातले नवे उपग्रह सुरू होणार होते. हजारोंच्या संख्येनं, जगातल्या प्रत्येक फोनशी थेट वरून बोलणारे. हायड्रोजनचा रेडिओ स्वर ज्या पट्ट्यात येतो तो पट्टा कागदावर राखीव होता, पण शेजारच्या पट्ट्यातला गलबला ते कागदी कुंपण ओलांडून येणारच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खिंडीत पेटी ठेवता येते. आभाळाला पेटी कुठून आणणार? त्यानंतर पृथ्वीवरून इतका मंद स्वर पुन्हा कुणालाच ऐकता येणार नव्हता. हिवाळ्यात एकांडी दिवसाच आकाशात असायची, सकाळपासून दुपारपर्यंत. सूर्य वर असताना ऐकणं अवघड जातं, पण परवानगी उशिरा मिळाली आणि दुसरा हंगाम उरला नव्हता.

डिसेंबरात पडद्यावर कंगवा दिसू लागला.

सारख्या अंतरावर उभ्या रेघा, दातांसारख्या. माणसाच्या यंत्राची खूण. आणि त्या रेघा नेमक्या तिथंच, जिथं एकांडीच्या शेवटच्या कडेचा स्वर यायला हवा. शिवकन्येबरोबर तन्वीर मुल्ला नावाचा इंजिनियर होता, परंड्याचा. आवाज कुठून येतो ते हुडकणारी हातातली अँटेना घेऊन तो जीपमधून खोरंभर फिरायचा. पूर्वी त्यानं पिठाच्या गिरणीचा स्टार्टर पकडला होता, मारुतीच्या देवळातला दिवा पकडला होता, एका म्हशीच्या कानातला बिल्लासुद्धा पकडला होता. या वेळी तो फिरत फिरत जायभायांच्या दारात येऊन थांबला. मागोमाग शिवकन्या उतरली.

श्रीपती ओट्यावर भाकरी खात होते.

"काय तन्वीर, आज कुणाची म्हैस?"

तन्वीरनं अँटेना घराकडं धरली, डबीकडं धरली, मग हळूहळू ओट्याकडं वळवली. तिच्यातला आवाज वाढत गेला. श्रीपतींच्या छातीसमोर त्यानं ती खाली केली.

"तुम्हीच, आप्पा."

श्रीपतींचा घास हातात राहिला.  मग म्हणाले, "वीस वर्षं लोकांच्या खिशातलं काढून घेतलं. आन निघालं कुठं, तर मपल्याच बरगडीत."

"आप्पा, त्याचा उपाय काढू," शिवकन्या म्हणाली.

"उपाय काय काढायचा? हे काढ. म्या काय जन्मताना घेऊन आलो न्हवतो."

तिनं दवाखान्याला टेलिफोन लावला. कुरुंदकर म्हणून डॉक्टर बाई होत्या, स्वभावानं शांत. त्या म्हणाल्या, यंत्र काढायचं नाव काढू नका. पण त्याला मुकं करता येईल. डबीवरचं बटण दाबलं की ते डबीशी बोलणं बंद करील, लक्ष मात्र ठेवील, आणि वेळ आली तर झटकाही देईल.

"मुकं केल्यावर अजिबात बोलणार नाही?" शिवकन्येनं विचारलं.

"एकाच वेळी बोलेल. झटका द्यावा लागला तर मुकेपण सोडून ओरडेल, एकेक ठोका कळवत, असेल नसेल त्या ताकदीनं. डबीनं ते ऐकलं पाहिजे, म्हणजे ती आम्हाला आणि पाटोद्याच्या गाडीला फोन लावील. एका झटक्यानं कधी कधी भागत नाही, बाई. जवळ माणूस लागतो. म्हणून मुक्या वेळात त्यांनी अंगणाच्या बाहेर जायचं नाही. कबूल?"

"कबूल," शिवकन्या म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी ती स्वतः बटण दाबायची आणि दुपारी येऊन पुन्हा चालू करायची. कंगवा गेला. खिंडीत श्रीपतींच्या जागी दगडू सानपला बसवलं. दगडू मायाळू आणि भिडस्त. कुणी म्हणालं, अहो, घरात आजारी माणूस आहे, फोन असू द्या, की दगडूचा हात मागं यायचा. श्रीपती अंगणात खाटेवर बसून खिंडीकडं तोंड करून असायचे. एकांडीची कड थोडी थोडी वर येत होती. आतली कडी स्पष्ट झाली, तिच्या बाहेरची झाली. राहिली ती सगळ्यात बाहेरची, जिच्यावर सगळा निकाल होता. जानेवारीचा प्रत्येक दिवस तिला हवा होता.

भोगीच्या दिवशी सणासाठी लेकीबाळी माहेरी आल्या, जावई आले, आणि दगडूच्या हातून त्यांचे फोन सुटले. पडदा सकाळपासून दुपारपर्यंत फोनांच्या गोंगाटानं भरून गेला. एक अख्खा दिवस वाया. शिवकन्या घरी आली ती धुसफुसतच. बाजरीच्या भाकरीवरचे तीळ नखानं टोकरत बसली, जेवली नाही.

"काय झालं गं?"

"काय व्हायचंय? खिंड म्हणजे धर्मशाळा झालीये. कुणीही या, काहीही न्या." ती बोलता बोलता थांबायला हवी होती, पण थांबली नाही. "तुम्ही असता तिथं तर हे झालं नसतं."

 भाजीतला पावट्याचा दाणा श्रीपती बोटानं कडेला सारत राहिले.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. सकाळी शिवकन्या जीपची किल्ली घेऊन निघाली तर श्रीपती दारात फेटा बांधत उभे. खाटेवर पितळी बिल्ल्यांची माळ काढून ठेवलेली.

"कुठं?"

"खिंडीत."

"डॉक्टर काय म्हणाल्यात?"

"डॉक्टरला तिथून आभाळ दिसत न्हाई."

"आप्पा, मी बटण दाबलंय. डबी इथं, तुम्ही तिथं. काही झालं तर—"

"काय व्हायचंय? सावलीत बसून बिल्लं वाटायचं. आज निम्मा तालुका येणार तिळगूळ घ्यायला. दगडूला बसवायचं का? सांग." त्यांनी फेट्याचा शेव धरून ठेवला. "तू म्हण बसा, म्या हा सोडतो. तू म्हणलीस तर बसतो घरी, खाटंवर."

तिच्या तोंडाशी शब्द आला होता. त्या क्षणी तिला पडद्यावरची ती बाहेरची कडी दिसली, अर्धी उमटलेली, आणि तिच्यापुढं उरलेले मोजके दिवस. श्रीपती तिच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना काय ऐकायचंय ते तिला कळत होतं, आणि तेच तिलाही हवं होतं, हे त्याहून वाईट होतं.

"सावलीत बसा," ती म्हणाली. "दुपारी मी घ्यायला येते."

श्रीपतींनी शेव खोवला. कोपरीच्या खिशातून तिळाचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. "गोड बोल," म्हणाले. "तन्वीरवर खेकसू नको." आणि बिल्ल्यांची माळ खांद्यावर टाकून निघाले. शिवकन्येनं त्यांना जीपमधून खिंडीपर्यंत सोडलं. एवढं तिनं केलं.

दुर्बिणीची खोली तांब्याच्या जाळीनं मढवलेली आहे, आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून. तिथल्या टेलिफोनवर सकाळीच उत्रेश्वरचा फोन आला.

"शिवे, तिळगूळ घे. आप्पा कुठंयत? घरचा फोन उचलंनात."

"अंगणात असतील."

"घरी आहेत ना?"

"घरीच आहेत. कुठं जाणार?"

"नाही, तुझं ते आकाश चाललंय म्हणून विचारलं. एकदा ते बंद झालं की मी त्यांना घेऊन जातो बघ. पुरे झालं."

"ने," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो दिवस फार चांगला गेला. इतका स्वच्छ पडदा तिनं वर्षभरात पाहिला नव्हता. खिंडीतून माणसं येत होती, दुरून टेकडीवर रंगीत ठिपके दिसत होते, आणि पडद्यावर एक रेघ उमटत नव्हती. तन्वीर म्हणाला, "आप्पांनी आज हवासुद्धा झडती घेऊन सोडली वाटतं." शिवकन्या बऱ्याच दिवसांनी मोकळं हसली. दुपार झाली, पाहुणे घराघरांत पंगतीला बसले, खिंड रिकामी झाली. बाहेरच्या कडीचा ठिपका वेगाच्या आलेखावर हळूहळू जागा धरत होता.

आणि एकाएकी कंगवा आला. लांब, टोकदार दात, पडद्याच्या वरपर्यंत.

"मॅडम," तन्वीर म्हणाला.

"दिसलं. कुठून?"

त्यानं तपासलं. "खिंडीकडून. फार जोरात आहे."

शिवकन्येनं टेबलावर हात आपटला. "आप्पा बसलेत तिथं आणि तरी कुणीतरी काहीतरी घेऊन शिरलंच."

"दात ओळखीचे वाटतात."

"सगळ्या यंत्रांचे दात सारखेच, तन्वीर. घरून इतक्या जोरात कधी आलं होतं का काही?"

ते खरंच होतं. घर टेकडीच्या आड होतं. तिथला आवाज थाळ्यांपर्यंत दबून यायचा. खिंड मात्र उंच, थाळ्यांच्या अगदी नजरेसमोर.

"थांबवू का? जाऊन बघून येतो," तन्वीर उठला.

"बस. एकांडी अजून तासभर आहे. तेवढा तुकडा काप आणि चालू ठेव."

तन्वीरनं तुकडा कापला. कापलेलं फेकत नाहीत, बाजूला वेगळं ठेवतात. दोघं पडद्याकडं बघत राहिले. थोड्या वेळानं दात बसके झाले आणि मग नाहीसे झाले. पडदा पुन्हा स्वच्छ झाला.

"बघ," शिवकन्या म्हणाली, "काढून घेतलं आप्पांनी."

एकांडी पश्चिमेला कलल्यावर ती जीप घेऊन खिंडीत गेली. पेटी बंद होती. श्रीपती सटवाईच्या दगडाला पाठ टेकून बसले होते, फेटा जरा पुढं आलेला, पेटीची किल्ली मनगटाला बांधलेली. ऊन त्यांच्या पायावर आलं होतं.

"सावलीत बसा म्हणलं होतं ना," ती उतरता उतरता म्हणाली. "आप्पा, मघाशी काय सुटलं होतं? कुणाचं होतं ते?"

श्रीपती हलले नाहीत. ती जवळ गेली. बिल्ल्यांची माळ त्यांच्या मांडीवर होती. जमिनीवर तिळाचे दाणे सांडले होते आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. तिनं वाकून त्यांच्या गालाला हात लावला, आणि तेव्हा तिला कळलं की मघाशी कुणाचं काय सुटलं होतं.

उत्रेश्वर संध्याकाळच्या आत पोचला. त्यानं बहिणीला एवढंच विचारलं, "घरी आहेत म्हणालीस ना?"  त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोललाच नाही. कुरुंदकर बाईंनी यंत्र तपासून सांगितलं की त्यानं आपलं काम केलं होतं, लागोपाठ झटके दिले होते. "जवळ कुणी असतं तर?" शिवकन्येनं विचारलं.  "तसं सांगता येत नाही," बाई टेलिफोनवर म्हणाल्या. म्हणजे काय ते शिवकन्येला समजलं.

राख सावडून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती जाळीच्या खोलीत येऊन बसली. गावानं नावं ठेवली. सुतकात बाई यंत्रापुढं बसते म्हणाले. तन्वीर म्हणाला, मॅडम, मी बघतो, तुम्ही घरी जा. तिनं मान हलवली. घरी जाऊन काय करायचं होतं? खाट, डबी आणि बंद केलेलं बटण. खिंडीत आता गावकरी आपणहून पाळीनं बसत होते. महिनाअखेरपर्यंत एक फोन आत आला नाही. दगडू सानप तर जेवायलासुद्धा उठत नसे.

एक फेब्रुवारीला पडदा पांढरा झाला. दात नाहीत, रेघा नाहीत, वरपासून खालपर्यंत नुसता गलबला. तन्वीरनं यंत्रं बंद केली.

निकाल मार्चमध्ये हाती आला. शिवकन्येनं तो तीनदा काढला, तन्वीरनं वेगळा काढला, दुसऱ्या देशातल्या लोकांनी त्यांच्या पद्धतीनं काढला. सगळ्यांचा एकच आला. एकांडीची बाहेरची कड धावत नव्हती, मंदावली होती. पोकळीत एकटी असूनही गर्दीतल्या दीर्घिकांसारखीच ती मंदावली होती. काळं द्रव्य म्हणजे काय ते यातून कळलं नाही, ते अजूनही कुणाला सापडलेलं नाही. पण शिवकन्येनं ज्याच्यामागं वीस वर्षं घातली तो नियम चुकीचा होता. लांबच्या कुणाची ओढ आतवर पोचत नव्हती. तिनं ते जसंच्या तसं लिहून छापायला दिलं, एक शब्द इकडं तिकडं केला नाही. तिला हसणाऱ्या लोकांनी तिचं कौतुक केलं. इतकं स्वच्छ मोजमाप आता पुन्हा व्हायचं नाही, म्हणाले. मधला एक तुकडा कापलेला आहे, तेवढा सोडला तर निर्दोष.

त्याच महिन्यात उत्रेश्वर मृत्यूचा दाखला काढायला आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं वेळेचा रकाना रिकामा ठेवला होता. शेवटी जवळ कोण होतं, असं त्यानं विचारलं होतं, आणि कुणीच नव्हतं. उत्रेश्वर जाळीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"वेळ काय घालायची म्हणतायत. अंदाजे घालू का?"

"अंदाजे नको," शिवकन्या म्हणाली. "ये आत."

तिनं बाजूला ठेवलेला तुकडा पडद्यावर उघडला. इतक्या दिवसांत तिनं तो उघडला नव्हता. कंगव्याचे लांब दात उमटले. तिनं एकेक दात सुटा केला. आधी एक मोठा झटका, मग त्याच्यामागं बारीक बारीक टोकं, थोडी पळणारी, थोडी अडखळणारी. पुन्हा झटका. पुन्हा बारीक टोकं, आता विरळ. पुन्हा झटका.

उत्रेश्वर तिच्या खुर्चीच्या मागं येऊन उभा राहिला होता. "हे काय आहे?"

"आप्पा," ती म्हणाली.

त्यानं खुर्चीची पाठ धरली. शेवटच्या झटक्यानंतर दोन बारीक टोकं होती, एकमेकांपासून लांब. त्याच्यापुढं यंत्र नुसतं हाका मारत राहिलं होतं, टोकं नव्हती. दुर्बिणीतली थाळी न् थाळी ते ऐकत होती आणि ती स्वतः पडद्यासमोर बसलेली होती. शिवकन्येनं दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं आणि खालची वेळ वाचली. उत्रेश्वरनं ती दाखल्यावर घातली.

श्रीपती धोंडिबा जायभाये, मुक्काम बेलखोरं, मकर संक्रांतीला, पंधरा जानेवारी दोन हजार अठ्ठेचाळीस रोजी, दुपारी एक वाजून सात मिनिटांनी, सटवाईच्या खिंडीत वारले.